सुतारीण म्हणजे सुताराची बायको नव्हे

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या कौशल्य शिबिरातील भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन, थोडे संपादन करून.)



मला दिलेला विषय 'स्त्रिया आणि अपारंपरिक कौशल्ये' असा होता. त्यावर माझ्यापेक्षा अभ्यास करून बोलणाऱ्या जणी इथे बसल्या आहेत. मी नऊ वर्षं तालुक्याच्या गावी अकरा बायांबरोबर सुतारकामाची एक शेड चालवते. तेव्हा मी एकाच कौशल्याबद्दल, आणि त्यातही एकाच यंत्राबद्दल बोलणार आहे. इथे टेबलावर ठेवलंय ते. याचं नाव बिस्किट जॉइनर. हा बिनवायरचा आहे, बॅटरीवर चालतो. नाव ऐकून काहीजणी हसल्या, ते बरं झालं. जेवणानंतर हे यंत्र प्रत्येकीच्या हातात द्यायचंय, आणि हसून झालं की भीती कमी होते.

पण यंत्राआधी एका शब्दाबद्दल बोलू. सुताराला मराठीत स्त्रीलिंगी शब्द काय? सुतारीण. आणि सुतारीण म्हणजे कोण, तर सुताराची बायको. मास्तरीणबाईंचंही पूर्वी तसंच होतं. मास्तरांची बायको ती मास्तरीण. मग बाया स्वतः शाळेत शिकवायला लागल्या आणि शब्दाला आपला अर्थ बदलावा लागला. मिस्त्री या शब्दाला तर स्त्रीलिंगही नाही. आम्ही कपाट पोचवायला जातो तेव्हा दार उघडणारं माणूस आमच्या मागे टेम्पोकडे बघतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठे आहेत?" आम्ही तिघी समोर उभ्या असतो, एकीच्या कानावर पेन्सिल असते, तरी विचारतं.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही, मजुरीचा आहे. समान कामाला समान वेतन हा कायदा आपल्याकडे १९७६ साली झाला. ती तरतूद पुढे २०१९ च्या वेतन संहितेतही घेतली गेली. पण कामाच्या जागी बाई 'हेल्पर' आणि पुरुष 'मिस्त्री' अशी नोंद झाली की काम समान आहे का, हा प्रश्नच उभा राहत नाही. कायदा मोडावाही लागत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की मजुरीची लढाई जितकी कायद्याच्या कागदावर आहे तितकीच ती 'हत्यार कोणाच्या हातात' या प्रश्नावर आहे.

माझे वडील सुतार. बारा बलुतेदारांतलं हे एक बलुतं. घरात रंधा, पटाशी, वाकस, गुण्या, खतावणी सगळं होतं, आणि ते भावांच्या हातात गेलं. आई काय करायची? मोठ्या करवतीचं दुसरं टोक धरायची. सरस तापवायची. पॉलिशपेपर घासून घासून तिच्या बोटांचे ठसे पुसट झाले होते. घरात तयार झालेल्या प्रत्येक खाटेला, प्रत्येक पाळण्याला तिचा हात लागलेला होता, पण 'हे मी केलं' असं तिनं कधी म्हटलं नाही आणि कुणी म्हणूही दिलं नसतं. कारण सुतारकीत मान असतो तो सांध्याला. कुसू आणि खाच अशी बसली पाहिजे की मध्ये केस जाता कामा नये. ते शिकायला वडिलांच्या हाताखाली दहा वर्षं काढावी लागतात. ती दहा वर्षं मुलाला मिळतात. दुसऱ्या जातीच्या मुलालाही सहसा मिळत नाहीत, मग बाईची गोष्टच सोडा.

हे यंत्र मला महत्त्वाचं वाटतं ते इथे. सांध्यातला अचूकपणा मनगटातून काढून ते मापपट्टीत आणि यंत्राच्या पुढच्या पट्टीत नेऊन ठेवतं.

याचा इतिहास थोडक्यात सांगते. स्वित्झर्लंडमधल्या लिस्टाल गावात हर्मन स्टायनर नावाचा एक सुतार होता. १९५० च्या दशकात तिकडे भुशापासून केलेले चिपबोर्ड नवीनच आले होते. चिपबोर्डला रेषा नसते, त्यात कुसू काढायला गेलं की तो भुगा होऊन सुटतो. जुना सांधा नव्या मालाला चालेना. स्टायनरनं त्या दशकाच्या मध्याला उपाय काढला. दोन्ही फळ्यांत अर्धगोल खाच पाडायची आणि मध्ये लाकडाची चपटी लांबट गोल चकती सरसासकट बसवायची. पातळ पट्टीला जर्मनमध्ये लामेले म्हणतात, त्यावरून त्या पद्धतीला लामेलो हे नाव पडलं. हातात धरून चालवायचं यंत्र १९६८ साली आलं. पुढे इतर कंपन्यांनीही तशी यंत्रं काढली, आणि लिथियम बॅटरी आल्यावर वायरही गेली.

आता ही चकती बघा, पुढे पाठवा. हेच ते बिस्किट. बीच नावाच्या लाकडाचं असतं, दाबून घट्ट केलेलं. रेषा तिरक्या आहेत, म्हणजे सांध्याच्या बाजूनं ते सहज चिरत नाही. तीन मापं सगळीकडे चालतात. शून्य नंबर ४७ बाय १५ मिलिमीटर, दहा नंबर ५३ बाय १९, आणि वीस नंबर ५६ बाय २३. जाडी तिन्हींची सुमारे ४ मिलिमीटर. खाचेत पांढरा डिंक, म्हणजे आपण ज्याला सर्रास फेविकॉल म्हणतो तसला, घातला की त्यातलं पाणी बिस्किट पितं आणि फुगतं. फुगलं की खाचेत घट्ट बसतं. म्हणून डिंक पाण्याचाच हवा. दोन नळ्या एकत्र करून लावायचा इपॉक्सी इथे उपयोगाचा नाही, त्यानं बिस्किट फुगत नाही. आणि म्हणूनच पावसाळ्यात बिस्किटं उघडी ठेवायची नाहीत. पापड सादळतात तशी ती सादळतात, मग खाचेत शिरतच नाहीत. घट्ट झाकणाचा डबा कसा ठेवावा हे आपल्याला कुणी शिकवायला नको!

यंत्र दिसायला ग्राइंडरसारखं आहे. आत १०० मिलिमीटर व्यासाचं पातं आहे. ते बाहेर दिसत नाही. यंत्र लाकडाला टेकवून पुढे दाबलं की तोंडाच्या फटीतून ते बाहेर येतं, खाच पाडतं, आणि दाब सोडला की स्प्रिंगनं मागे आत जातं. बाजूला ही चकरी आहे, तिच्यावर ०, १०, २० असे आकडे आहेत. जे बिस्किट त्या आकड्यावर चकरी लावायची, खोली आपोआप ठरते. वीस नंबरला खाच एका फळीत सुमारे १२ मिलिमीटर खोल पडते. पुढची ही पट्टी वर-खाली होते आणि कलतेही. फळीच्या पृष्ठभागापासून खाच किती खाली घ्यायची ते ती ठरवते. १८ मिलिमीटरचं प्लायवूड असेल तर मध्यावर, म्हणजे ९ मिलिमीटरवर.

करायचं कसं ते ऐका. दुपारी हेच करणार आहोत.

दोन फळ्या जिथे जोडायच्या तिथे एकमेकींना लावून ठेवा. सांध्यावर आडवी पेन्सिलची रेघ मारा, दोन्ही फळ्यांवरून जाईल अशी. अशा रेघा साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर एक घ्या, आणि टोकापासून निदान ५ सेंटिमीटर आत. फळ्या वेगळ्या करा. प्रत्येक फळीची जी बाजू बाहेर दिसणार तिच्यावर खूण करा. यंत्राची पट्टी नेहमी त्याच खुणेच्या बाजूवर टेकवायची. एका फळीत वरून आणि दुसरीत खालून मोजलं की पायरी पडलीच म्हणून समजा. फळी शिकंज्यानं टेबलाला आवळा. यंत्राच्या तोंडावरची मधली रेघ पेन्सिलच्या रेघेवर आणा, एका हातानं पुढची पट्टी सपाट दाबून धरा, दुसऱ्या हातानं सुरू करा, पात्याला पूर्ण वेग येऊ द्या, आणि मग सावकाश पुढे दाबा. घाई नाही, जोर नाही. मागे घ्या, बंद करा. झाली खाच.

सगळ्या खाचा पाडून झाल्या की डिंक न लावता एकदा जोडून बघा. हे कधीही टाळायचं नाही. बिस्किटापेक्षा खाच किंचित लांब असते, त्यामुळे फळी एखाद-दोन मिलिमीटर डावी-उजवीकडे सरकवता येते. वर-खाली मात्र अजिबात सरकत नाही. म्हणजे लांबीतली थोडी चूक यंत्र माफ करतं, पातळीतली करत नाही. मग खाचेच्या दोन्ही भिंतींना डिंक लावा, बिस्किटं घाला, जोडा, शिकंजे आवळा. इथे मात्र हात चालवावा लागतो, कारण काही मिनिटांतच बिस्किट फुगायला लागतं. तासभर आवळलेलं ठेवा, आणि भार द्यायचा तो दुसऱ्या दिवशी. सांध्यावर लगेच रंधा किंवा पॉलिशपेपर मारू नका. ओल असते तोवर बिस्किटावरचं लाकूड किंचित वर आलेलं असतं. तेव्हा घासून सपाट केलं तर वाळल्यावर तिथे बिस्किटाच्या आकाराचा खळगा दिसतो.

इतकंच. शिकाऊ बाई दोन दिवसांत सरळ खाच पाडते. पंधरा दिवसांत पुस्तकांचं कपाट जोडते. दहा वर्षं लागत नाहीत.

पण यंत्राची आरती ओवाळायला मी आलेली नाही. याला काय जमत नाही तेही सांगते. खुर्चीचा पाय याने जोडू नका. खुर्चीवर माणूस मागे रेलतो, सांध्याला पीळ बसतो. तिथे कुसूच हवी. दोन फळ्या कडेला कड लावून टेबलाचा पाट करताना खरी ताकद डिंकाची असते, बिस्किट फळ्या एका पातळीत धरायचं काम करतं. कपाटं, खण, शेल्फ, पेट्या, चौकटी, ही याची जागा. आणि सागवान कुठल्या बाजूला वाकणार, फळी ओली आहे की वाळलेली, रेषा कुठे उलटते, हे कुठलंही यंत्र सांगत नाही. ते लाकूड हाताळूनच कळतं. म्हणून आमच्याकडे नवीन बाई आली की पहिला महिना तिला हाताचं काम, रंधा आणि पटाशी. यंत्र नंतर. नाहीतर आपण बटण दाबणाऱ्या होतो, सुतार होत नाही. कारखान्यात बाईला नेहमी बटणच दिलेलं असतं, हे विसरू नका.

बिनवायरचं का घ्यायचं? गावात भारनियमन असतं. शाळेत, अंगणवाडीत, गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन काम करायचं तर प्लग भिंतीच्या भलत्याच कोपऱ्यात असतो आणि वायर पायात येते. पातं फिरत असताना वायर पायात येणं बरं नाही. पण पैसे कमी असतील तर पहिलं यंत्र वायरचंच घ्या, ते स्वस्त पडतं. बॅटरीचं घ्यायचं ठरलं तर ड्रिल आणि जॉइनर एकाच कंपनीचे, एकाच बॅटरीवर चालणारे घ्या. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला सहसा बसत नाही, आणि खरा खर्च बॅटऱ्यांचा असतो. दोन बॅटऱ्या हव्यात, एक कामावर, एक चार्जिंगला. बॅटरीसकट यंत्र सुमारे तीन किलोचं आहे. "बायांना जड जाईल" असं मला दुकानात सांगितलं होतं. पाण्याचा हंडा किती किलोचा असतो, हे त्या दुकानदारानं घरी जाऊन विचारावं.

आता सुरक्षेबद्दल. यात काही तांत्रिक आहे आणि काही तांत्रिक अजिबात नाही.

तांत्रिक ते आधी. पातं बदलताना किंवा साफ करताना बॅटरी काढून बाजूला ठेवायची. वायर नसल्यामुळे यंत्र बंदच आहे असं वाटतं, पण बॅटरी आत आहे तोवर ते जिवंत आहे. छोटा तुकडा हातात धरून कधी खाच पाडायची नाही, तो आवळायचा. डोळ्यांना चष्मा, कानात बोळे, तोंडाला मास्क. मास्कबद्दल हट्ट धरा. लाकडाच्या धुळीनं माणसाला कॅन्सर होतो, मुख्यतः नाकाच्या आतल्या भागाचा, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली नोंदवलेलं आहे. एमडीएफ आणि प्लायवूडच्या चिकटवण्यात फॉर्माल्डिहाइड असतं, तेही त्याच यादीत आहे. यंत्राला मागे पिशवी आहे, ती लावा. ओढणीनं नाक बांधणं म्हणजे मास्क नव्हे. आणि धूळ झाडून काढायचं काम हे बाईचं म्हणून एकीवर पडू देऊ नका. सगळ्यात जास्त धूळ झाडणारीच्याच छातीत जाते.

आता दुसरं. फिरत्या पात्याजवळ लोंबणारं काही चालत नाही. पदर नाही, ओढणी नाही, मोकळे केस नाहीत. बांगड्या नाहीत. मंगळसूत्र नाही. हा नियम आम्ही शेडच्या दारावर लिहिला आणि पंधरा दिवस गावात दुसरं बोलणं नव्हतं. एकीची सासू दारात येऊन बसली. माझा मुलगा जिवंत असताना सुनेनं हात उघडे ठेवून काम करायचं? आम्ही तिला यंत्र दाखवलं. एका काडीला दोरा बांधून तो फिरत्या ड्रिलजवळ नेला, तो कसा ओढला जातो ते तिनं बघितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सुनेबरोबर एक डबी पाठवली, बांगड्या ठेवायला. सगळीकडे असं होत नाही. एक मुलगी याच कारणावरून घरी बसली, ती परत आली नाही. आपण शिबिरांतून मंगळसूत्रावर पुष्कळ चर्चा केल्या, पण इथे विचारधारा सांगायची गरजच पडत नाही, पातंच सांगतं. तरी घरी जाऊन उत्तर त्या बाईलाच द्यावं लागतं. म्हणून नवीन बाई घेताना आम्ही तिच्या घरी आधी जातो आणि हा नियम समोरासमोर सांगतो. त्यासाठी दोघी-तिघींनी जायचं, एकटीनं नाही.

शेवटचा मुद्दा मालकीचा. माझ्या मते सगळ्यात मोठा.

जातं फिरवून आपल्या आज्यांचे खांदे गेले. गिरणी आली, सुटका झाली, चांगलंच झालं. पण गिरणीचा मालक कोण झाला? दळण बाईचं होतं तोवर त्याला मजुरी नव्हती, आणि मजुरी आली तेव्हा ते गिरणीवाल्याचं झालं. यंत्र आलं की काम पुरुषाकडे सरकतं, हे आपण वारंवार बघितलंय.

आमच्याकडेही ती वेळ आली. यंत्र घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी एक ठेकेदार मोठी ऑर्डर घेऊन आला, वसतिगृहाच्या कपाटांची. अट एकच: यंत्र त्याची मुलं चालवतील, बायांनी डिंक लावायचा आणि पॉलिश करायचं. मजुरी वेळेवर देणार होता. आम्ही रात्री उशिरापर्यंत बसलो. दोघी म्हणाल्या, घ्या, घरात दाणा नाही. त्यांचं चूक नव्हतं. दुसऱ्या म्हणाल्या, मग माझ्या आईनं काय वेगळं केलं होतं? म्हणजे माझ्याच आईचं उदाहरण मला ऐकवलं. शेवटी ठरलं: यंत्र आमच्याच हातात राहील, पाहिजे तर त्यानं आपला माणूस तपासणीला ठेवावा. ठेकेदार गेला. त्या हंगामात दोघी सोयाबीन काढायला गेल्या, एक परत आलीच नाही. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो, पण त्याची किंमत कुणी दिली हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते. संघटनेचा निर्णय पोटावर येतो तेव्हा तो सगळ्यांच्या पोटावर सारखा येत नाही. म्हणून त्यानंतर आम्ही प्रत्येक कामातून थोडा भाग बाजूला टाकतो, असा महिना आला तर सगळ्यात नडलेल्या बाईसाठी. लढाऊपणाला असा डबा लागतो.

सरकारी योजनांचंही सांगते. एका कार्यालयात आम्हाला सांगितलं, महिला गटाला शिलाई मशीन मिळेल, पापडाचं यंत्र मिळेल, लाकडाचं यंत्र यादीत बसत नाही. शिवणकाम वाईट नाही. पण बाईनं काय शिकावं याची यादी कुणी केली? पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून गावातल्या मुलामुलींना हातानं काम करत शिकवण्याची पद्धत रुजली आहे. मुलीला शाळेच्या वयात करवत दिली तर ती कापते, यात चमत्कार काही नाही.

तेव्हा परत जाऊन आपापल्या गटात मांडायला चार गोष्टी सांगते. यंत्राची पावती गटाच्या नावावर करा, कुणाच्या नवऱ्याच्या किंवा भावाच्या नाही. यंत्र उसनं द्यायचं असेल तर चालवणारी बाई बरोबर जाईल, नुसतं यंत्र जाणार नाही. एक बाई वर्षभर यंत्रावर आणि दुसरी वर्षभर पॉलिशवर असं होऊ देऊ नका, पाळ्या लावा. नाहीतर मिस्त्री आणि हेल्पर आपल्यातच तयार होतील. आणि बिलावर, हजेरीपटावर कामाच्या रकान्यात 'सुतार' लिहा. हेल्पर नाही, मदतनीस नाही.

आता जेवून घ्या. दोन वाजता बाहेरच्या शेडमध्ये प्लायवूडचे तुकडे, बिस्किटं आणि डिंक मांडून ठेवलेला आहे. बांगड्यांसाठी डबीही ठेवली आहे. दोन तुकडे प्रत्येकीनं स्वतः जोडायचे आणि घरी न्यायचे. उद्या सकाळपर्यंत ते वाळतील. मग ओढून बघा, सुटतात का.